सरलेल्या आघाताचे शेष

कर्म क्षणात संपते आणि त्याचे फळ मात्र कालांतराने मिळते, असे ज्यांना मानावयाचे आहे त्यांनी त्या दोहोंमधल्या काळात नेमके काय शिल्लक असते ह्याचा खुलासा केला पाहिजे, हा आग्रह भारतीय दर्शनांनी जितक्या चिकाटीने धरला तितका तो अन्यत्र क्वचितच धरला गेला असेल. यज्ञ आज झाला, आहुती जळून गेली, ऋत्विज दक्षिणा घेऊन आपापल्या घरी परतले. स्वर्ग मात्र यजमानाला मृत्यूनंतर मिळावयाचा. जे नष्ट झाले ते कारण कसे होईल, आणि जे कारणच उरले नाही त्याचे कार्य कोठून येईल? मीमांसक शबरस्वामींनी आणि त्यांच्यानंतर सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिलभट्टांनी ह्या अडचणीतून वाट काढण्यासाठी 'अपूर्व' मान्य केले: कर्माने उत्पन्न होणारी, कर्म संपल्यावरही टिकणारी आणि फळ देऊनच शांत होणारी एक शक्ती. ती डोळ्यांना दिसत नाही. ती मानल्यावाचून विधिवाक्याची संगतीच लागत नाही, एवढ्याच आधारावर, म्हणजे अर्थापत्तीने, ती पत्करावयाची असते. हा वाद केवळ याज्ञिकांच्या कामाचा आहे असे मला कधीच वाटलेले नाही. ज्याने कोणाला दुखविले आहे, किंवा ज्याला कोणी दुखविले आहे, त्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा प्रश्न रुजू झालेलाच असतो.

हाच प्रश्न, त्याच पर्यायांसह, गेल्या दोन शतकांत अशा एका ठिकाणी उभा राहिला, की जेथे तो शोधावयास कोणी मीमांसक गेला नसता: लवचिक नळांतून वाहणारे पाणी एकाएकी अडविले असता नळाच्या भिंतीस जो धक्का बसतो, त्याच्या गणितात. मी हे साम्य चमत्कृतीसाठी मांडीत नाही. जडाच्या ठिकाणी प्रश्न इतका उघडा होतो, की आपण आत्म्याविषयी बोलताना कोणत्या गोष्टी गृहीत धरतो आणि त्यांपैकी कोणत्या खरोखरच आत्म्याच्या आहेत, हे त्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसते, अशी माझी श्रद्धा आहे.

प्रथम धातूच्या नळाचे पाहू. मॉस्को शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर १८९७ व १८९८ साली निकोलाय झुकोव्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने जे प्रयोग केले, त्यांतून जलाघाताचा, म्हणजे ह्या धक्क्याचा, नियम सर्वमान्य झाला. पाण्याचा वेग जितका एकाएकी घटला तितकी ती घट, पाण्याची घनता, आणि नळातून धक्क्याची लाट ज्या गतीने धावते ती गती, ह्या तिहींचा गुणाकार म्हणजे दाबात होणारी वाढ. पोलादी नळात ही लाट सेकंदाला सुमारे हजार ते बाराशे मीटर धावते; तेव्हा सेकंदाला अवघा एक मीटर सरकणारे पाणी जर एकदम अडविले, तर शंभर मीटरांहून उंच जलस्तंभाचा भार एका क्षणात भिंतीवर येतो. झडप किंचित सावकाश फिरविण्याची सक्ती व्हॉल्व्हमनवर का असते, हे ह्या एका आकड्यावरून ध्यानात यावे.

परंतु ह्या सूत्राचा अग्रमान झुकोव्स्कीकडे जात नाही. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे शरीरशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या योहानेस फोन क्रीस ह्याने १८८३ मध्येच, मनुष्याच्या नाडीचा अभ्यास करीत असता आणि रबरी नळ्यांवर प्रयोग करीत असता, तोच संबंध मांडला होता. जलाघाताचे हे सूत्र प्रथम लोखंडी नळाच्या निमित्ताने मांडले गेले नसून रक्ताने फुगणाऱ्या आणि ओसरणाऱ्या मऊ नळीच्या निमित्ताने मांडले गेले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ह्याच क्रीसने पुढे संभाव्यता आणि कारणत्व ह्या विषयांवर तात्त्विक ग्रंथरचना केली, आणि एखाद्या अनिष्ट परिणामाची जबाबदारी कोणत्या कृत्यावर टाकावी ह्याविषयीचे त्याचे विवेचन जर्मन कायदेपंडितांनी उचलून धरले. एकाच मनुष्याला धक्क्याच्या लाटेने आणि अपराधाच्या कारणतेने खिळवून ठेवावे, ह्यात मला तरी काही विसंगती दिसत नाही.

पोलादी नळाचे वैशिष्ट्य असे, की त्याला गतकाल जवळजवळ नाहीच. दाब आला की तो तत्क्षणी लेशमात्र फुगतो, दाब गेला की तत्क्षणी पूर्ववत होतो. काल त्याच्यावर काय गुदरले ह्याची चौकशी केल्यावाचून आजचे त्याचे वर्तन सांगता येते. आपल्याकडे नदीवरून किंवा विहिरीवरून माळावरच्या शेतापर्यंत जो काळा पॉलिथिलीनचा पाईप टाकलेला असतो, त्याचे असे नाही. वीज जाते, मोटर थांबते. चढावर गेलेले पाणी अंगच्या वेगाने क्षणभर पुढेच जाते, थबकते, आणि उतारावरून मागे फिरते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप आपटून मिटते. लोखंडी नळ असता तर ह्या वेळी घणाचा घाव बसल्यासारखा आवाज झाला असता. काळा पाईप दबका हुंकार देतो आणि जमिनीवर पडल्या जागी अंग चोरून किंचित सरकतो. भिंत मऊ असल्यामुळे धक्क्याची लाट तीत सेकंदाला दोनशे ते चारशे मीटर एवढीच धावते आणि त्याच प्रमाणात धक्काही सौम्य होतो. एक हजार मीटर लांबीच्या पोलादी नळात जी लाट दोन सेकंदांत टोकाला जाऊन परत येते, तिला येथे आठ सेकंदही लागू शकतात.

येथवरचा हिशेब भिंतीची ताठरता तेवढी बदलून झुकोव्स्कीच्या सूत्रानेच होतो. अडचण त्यापुढे आहे. हा पाईप नुसता मऊ आहे, एवढे धरून गणित केले, तर धक्क्यानंतरची आंदोलने बराच काळ जवळजवळ सारख्या उंचीने चालू राहतील असे उत्तर येते. प्रत्यक्ष दाबमापकावर मात्र दुसरे शिखर पहिल्याहून स्पष्ट ठेंगणे, तिसरे त्याहून ठेंगणे, लाटेच्या उभ्या कडा झिजून गोलावलेल्या, आणि दोन शिखरांमधले अंतर लांबत गेलेले, असे चित्र उमटते. पाण्याचे घर्षण हिशेबात घेतले तरी ही तफावत भरून निघत नाही. कारण असे, की पाईपाची भिंत दाबाला दोन हप्त्यांत उत्तर देते: काही फुगणे ताबडतोब, आणि उरलेले रेंगाळत, तसेच दाब उतरल्यावर काही आक्रसणे ताबडतोब, आणि उरलेले सावकाश. ज्याने हा पाईप विकत आणला आहे त्याला ही गोष्ट वेगळ्या वाटेने ठाऊक असते. पाईप बंडलाच्या रूपाने येतो. बांधलेली दोरी कापली तरी वेटोळ्याचा बाक अंगातून जात नाही, म्हणून तो उन्हात पसरून त्याच्या टोकांवर दगड ठेवतात. संध्याकाळी तो सरळ झालेला दिसतो, आणि दगड काढल्यावर सकाळी पाहावे तर टोक पुन्हा बोटभर उचललेले असते. बंडल तर सुटले होते. मग टोक उचलले ते कोणी?

वैशेषिकांनी ह्या प्रश्नाची जागा फार पूर्वी मुक्रर करून ठेवली होती. त्यांच्या पदार्थविचारात 'संस्कार' हा एक गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला वेग, जो सुटलेल्या बाणाला प्रत्यंचेपासून दूर गेल्यावरही पुढे नेतो. दुसरा स्थितिस्थापक, जो वाकविलेल्या वस्तूला पूर्वस्थितीस आणतो. आणि तिसरा भावना, जी अनुभव संपल्यावर आत्म्याच्या ठिकाणी उरते आणि पुढे स्मृतीला जन्म देते. स्थितिस्थापकाची उदाहरणे देताना त्यांचे भाष्यकार प्रशस्तपाद ह्यांनी धनुष्य, फांदी, शिंग, दात, हाड, सूत आणि वस्त्र ह्यांची नावे घेतली आहेत. बाणाची धाव, फांदीचे उसळणे आणि मनुष्याचे आठवणे ही तिन्ही एकाच जातीत बसविणाऱ्या त्या बुद्धीचे धैर्य मला नेहमी विस्मित करते. त्या तिहींत समान एवढेच आहे, की क्रिया संपली आहे आणि तरीही ती अंमल गाजविते आहे. जलाघात म्हणजे ह्यांपैकी पहिल्या दोन संस्कारांची गाठ होय: पाण्याचा वेग आणि भिंतीचे स्थितिस्थापक परस्परांवर येऊन आदळतात. मात्र वैशेषिकांनी वेग आणि स्थितिस्थापक जडाकडे ठेवले आणि भावना केवळ आत्म्याच्या स्वाधीन केली. काळ्या पाईपाने ह्या वाटणीविरुद्ध फिर्याद गुदरली आहे, आणि तिची दखल घेणे भाग आहे.

युरोपात ह्या प्रकरणाचा आरंभ सुतापासूनच झाला, तोही रेशमाच्या. ग्योटिंगेन येथे चुंबक टांगण्यासाठी वापरलेले रेशमी धागे भार दिल्यावर पुष्कळ वेळपर्यंत लांबतच राहतात आणि भार काढल्यावर तितक्याच सावकाश आखडतात, हे विल्हेल्म वेबर ह्याने १८३५ साली प्रसिद्ध केले. आणि १८७४ साली लुडविग बोल्ट्झमान ह्याने त्याला गणिताचे रूप दिले. त्याचे म्हणणे असे, की पदार्थाचे आजचे विरूपण केवळ आजच्या ताणावर ठरत नाही. आजवर त्याच्यावर आलेल्या प्रत्येक ताणाचा काही वाटा त्यात असतो. प्रत्येक आघात आपापला परिणाम स्वतंत्रपणे मागे ठेवतो, तो परिणाम कालमानाने क्षीण होत जातो, आणि ह्या सर्व क्षीण होत चाललेल्या शेषांची बेरीज म्हणजे वर्तमान. संचिताची ह्याहून काटेकोर व्याख्या मी तरी वाचलेली नाही.

आता मीमांसकांचा मूळ प्रश्न विचारावयाचा. जो ताण कधीच संपला तो आजच्या बेरजेत बसतो कसा? बोल्ट्झमानचे समीकरण जसे लिहिले आहे तसे वाचले, तर ते गतकालाला थेट वर्तमानात बोलावते: कालचा ताण स्वतःच आज कार्य करीत आहे, मध्ये कोणी मुनीम नाही. परंतु जुना परिणाम ठराविक प्रमाणात घटत जातो असे धरून तेच समीकरण दुसऱ्या तऱ्हेनेही लिहिता येते. भिंतीच्या आत स्प्रिंगा आहेत, प्रत्येक स्प्रिंगेला चिकट तेलात सरकणारा एकेक दट्ट्या जोडलेला आहे, कोणी शतांश सेकंदांत वळते तर कोणाला कित्येक सेकंद लागतात, आणि ह्या जोड्या ह्या क्षणी किती ताणलेल्या आहेत एवढे समजले की गतकालाचे सारे दप्तर जाळून टाकले तरी चालते, अशी ती कल्पना आहे. केल्व्हिन आणि फोक्ट ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी हीच रचना नळांच्या गणितात वापरली जाते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पॉलिथिलीनच्या पावणेतीनशे मीटरांच्या सुमाराच्या नळावर दीदिया कोवाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाघाताचे जे प्रयोग केले आणि २००४ व २००५ साली दोन भागांत प्रसिद्ध केले, त्यांत अशा काही जोड्यांची मूल्ये दाबाच्या नोंदीवरून उलट दिशेने काढून पाहिली, तेव्हा गणिताची रेषा प्रत्यक्ष रेषेवर जवळजवळ बसली.

हे दोन पर्याय बौद्धांच्या वादाशी ज्याचा परिचय आहे त्याला नवे वाटणार नाहीत. सर्वास्तिवादी म्हणत, की गतकालातील कर्म कोणत्या ना कोणत्या अर्थाने आहेच. ते नसते तर त्याचे फळ कोठून आले असते? सौत्रांतिकांच्या बाजूने वसुबंधूंनी उत्तर दिले, की गेलेले ते गेले. मात्र जाता जाता ते चित्तसंततीत विशिष्ट पालट करून जाते, बीजातून क्रमाने अंकुर, पाने, फूल होत फळ येते तसा तो पालट परिणत होतो, आणि फळ त्या पालटलेल्या संततीतून येते. सर्वास्तिवादी म्हणजे बोल्ट्झमानचे पहिले रूप, सौत्रांतिक म्हणजे त्याचे दुसरे. गणित सांगते, की दोन्ही रूपे एकच उत्तर देतात. तेव्हा दाबमापकाकडे कितीही टक लावून पाहिले तरी निवाडा होणार नाही. माझा कौल सौत्रांतिकांकडे आणि कुमारिलांकडे आहे, आणि त्याचे कारण असे: जो नळ ह्या क्षणी माझ्या हातात आहे त्यातच त्याच्या पुढील वर्तनाची सर्व कारणे असली पाहिजेत, असे न मानले तर वस्तू आणि वस्तूची गोष्ट ह्यांतला भेदच पुसला जातो. त्या स्प्रिंगा आणि ते दट्टे कोणी पाहिलेले नाहीत. पाईप उभा चिरला तर आत परस्परांत गुंतलेल्या अतिदीर्घ रेणुशृंखला तेवढ्या आहेत, ज्या ताणाखाली हळूहळू सरकतात आणि हळूहळू परततात. स्प्रिंगा हे अर्थापत्तीने मानलेले अपूर्व आहे. पण त्या अपूर्वाला आश्रय आहे, आणि तो आज, येथे, भिंतीत आहे.

मग भावना आणि स्थितिस्थापक ह्यांत अंतर उरले कोठे? धरून ठेवणे हे जर आत्म्याचे लक्षण, तर पाईपालाही आत्मा द्यावा लागेल. आणि तो द्यावयाचा नसेल, तर अनुभव टिकतो एवढ्यावरून आत्मा सिद्ध करण्याचा जुना मार्ग सोडावा लागेल. माझ्या मते तो सोडावाच. प्रशस्तपादांच्याच ग्रंथात ह्याहून सूक्ष्म असा दाखला आहे. दृढ भावना कशाने उत्पन्न होते हे सांगताना ते तीन कारणे देतात: अनुभवाची तीव्रता, त्याची आवृत्ती, आणि आदर, म्हणजे त्या अनुभवाकडे मनाने मुद्दाम दिलेले लक्ष. पहिली दोन कारणे पाईपाला पुरेपूर लागू पडतात. मोठा धक्का अधिक शेष ठेवतो, आणि वारंवार बसलेले धक्के एकावर एक साचतात. तिसरे मात्र त्याच्याकडे नाही. कोणताही आघात पाईपाला दुसऱ्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटत नाही. मनुष्याला एकाच दिवसात शंभर शब्द ऐकू येतात, त्यांतला एक मोठ्याने उच्चारलेला नसतो, पुन्हा कधी उच्चारला जात नाही, आणि तरीही तो तीस वर्षे जात नाही. हे तीव्रतेचे काम नव्हे, आवृत्तीचेही नव्हे. जडाची आणि चेतनाची सीमा मी साठवणीपाशी आखणार नाही. ती ह्या आदरापाशी आखीन.

ह्यातून जो प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो तो प्रायश्चित्ताचा आहे. फ्रीड्रिख कोलराउश ह्याने ताणाच्या मागे राहणाऱ्या परिणामाचा अभ्यास करताना एक गोष्ट पाहिली होती: धाग्याला एका दिशेने पुष्कळ वेळ पीळ दिला, मग उलट दिशेने थोडा वेळ पीळ दिला, आणि तो मोकळा सोडला, तर तो प्रथम नंतरच्या पिळाचा परिणाम उलगडीत जातो, आणि मग कोणी हात न लावता दिशा बदलून आधीच्या पिळाचा परिणाम उलगडू लागतो. नवा पीळ अल्पकालीन होता, त्याचे शेष लवकर ओसरले. जुना पीळ दीर्घकालीन होता, त्याचे शेष खोल होते, आणि वरचे सरताच ते उघडे पडले. त्या दोहोंची बेरीज एखाद्या क्षणी शून्य झालीही असेल, आणि त्या क्षणी पाहणाऱ्याने धागा निर्लेप आहे असेच म्हटले असते. विरुद्ध कर्माने पूर्वकर्म पुसले जात नाही. दोन्ही आपापल्या मुदतीने क्षीण होतात, आणि मुदती सारख्या नसतात. दीर्घकाळ केलेल्या अन्यायावर चार दिवसांच्या सौजन्याने पडदा पडतो आणि पाचव्या दिवशी जुना बाक वर येतो, तेव्हा आपण त्या मनुष्याला ढोंगी म्हणतो. पुष्कळदा तो ढोंगी नसतो. त्याच्या अंगात दोन वेगळ्या मुदतींचे शेष असतात, आणि ते त्यालाही ठाऊक नसतात.

आपल्या धर्मशास्त्रकारांना ही अडचण दिसली नव्हती असे नाही. भारतरत्न पांडुरंग वामन काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा जो चौथा खंड १९५३ साली प्रसिद्ध केला, त्यात ह्या वादाची कैफियत सविस्तर आली आहे. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते. जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत मात्र प्रायश्चित्त घेतलेला मनुष्य व्यवहारास योग्य होतो, एवढीच हमी याज्ञवल्क्यस्मृती देते. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरे'त तिचे विवरण करताना पापाच्या दोन शक्ती मानल्या आहेत: एक नरकास नेणारी, दुसरी लोकव्यवहारास प्रतिबंध करणारी, आणि दुसरी नष्ट झाली म्हणून पहिलीही नष्ट झालीच असे म्हणता येत नाही. एकाच कर्माचे दोन शेष, आणि त्यांचे क्षय वेगवेगळे: कोलराउशच्या धाग्यापुढे उभे राहून ह्याहून नेमके विधान कोणी केले नसते.

ह्या भेदाकडे पळवाट म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला तो प्रामाणिकपणाचा कळस वाटतो. समाजाला जे पाहता येते, म्हणजे हा मनुष्य आज आपल्या पंक्तीत बसावयास योग्य आहे की नाही, तेवढ्यापुरताच समाजाने निकाल द्यावा, आणि आतल्या शेषाविषयी हुकूमनामा काढू नये, असा त्याचा अर्थ आहे. दाबमापक हाती असलेल्या संशोधकांनाही अशीच एक मर्यादा सांभाळावी लागते. लाट शमली ती पाण्याच्या घर्षणाने शमली की भिंतीने ती आत घेतली म्हणून शमली, हे एका नोंदीवरून वेगळे काढणे फार कठीण असते, कारण दोन्हींचे परिणाम बाहेरून जवळजवळ एकसारखे दिसतात. शांत झालेल्या मनुष्याकडे पाहूनही त्याचा क्रोध झिजला की जिरला हे सांगता येत नाही. धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताच्या अंगांत अनुताप धरला आहे, आणि अनुताप म्हणजे आपल्याच कृत्याकडे आदराने, पूर्ण लक्षाने पाहणे. जे तिसरे कारण पाईपाजवळ नाही ते नेमके हेच. ज्या लक्षाने भावना घट्ट होते त्याच लक्षाने ती उलगडूही शकते की काय, ह्याचे उत्तर नळाच्या गणितातून निघणार नाही. तेथे प्रत्येक शेष आपल्या मुदतीचे बांधलेले असते आणि ती मुदत बदलण्याचा अधिकार शेषाच्या आश्रयाला नसतो. मनुष्याला तो आहे असे मी मानतो.